शेवटची बादली

2024 सालची नरकचतुर्दशी. पहाटेचे साडेचार वाजले होते. काशीतल्या रामघाटावरच्या एका जुन्या वाड्यात, चौकाच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब धडधडत होता. त्याच्यासमोर पाटावर बसून थोरली सून बंबफोड आत सारत होती. पुण्याहून पार्सलनं आलेलं उटणं वाटीत भिजवलेलं होतं, तेल कोमट झालं होतं. एकेक जण डोळे चोळत येत होता, पाटावर बसत होता, ओवाळून घेत होता आणि कढत पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरात जात होता.

घरात माणसं चौदा. अप्पा, माई, अप्पांच्या बहीण म्हणजे सगळ्यांच्या आत्या, तीन मुलगे, तीन सुना आणि पाच नातवंडं. तेरावी बादली गेली तेव्हा चौकाच्या वरच्या जाळीतून चांगलं ऊन उतरलं होतं. बंबातलं पाणी संपलं होतं, निखारेही विझत आले होते.

मधल्या सुनेचा धाकटा मुलगा फराळाच्या ताटावरून ओरडला, "मोठी आई, तू अजून आंघोळ केली नाहीस? सूर्योदयाआधी आंघोळ केली नाही तर नरकात जातात!"

थोरली पदराला हात पुसत हसली. "अरे, मी 28 वर्षं नरकातच जातेय. तुम्हा सगळ्यांना वाचवायला कुणीतरी जायला नको का?"

सगळे हसले. अप्पाही हसले. फक्त धाकटी सून हसली नाही. ती सांगलीची, लग्न होऊन इथं येऊन चारच वर्षं झालेली. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून ती जाऊबाईंकडे बघत राहिली. थोरलीनं नळाखाली बादली लावली आणि गार पाणी घेऊन ती न्हाणीघरात गेली.

गंगेच्या काठी गरम पाणी

काशीतली मराठी घरं हा काही आजचा मामला नाही. 1674 मध्ये शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच. त्याच्याही आधी नाथमहाराजांनी आपलं भागवत पूर्ण केलं ते काशीतच. घाटांची नुसती नावं वाचली तरी पुरे: शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट. रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात आजही सकाळी एखाद्या खिडकीतून मराठी हाक ऐकू येते. रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयातून वेदपाठाचा आवाज येतो आणि बाजूच्या गल्लीतून भाजीवाल्याची भोजपुरी आरोळी.

या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं आणि एक गाय समोरासमोर आली तर कुणीतरी ओट्यावर चढायचं. घरं उंच, तीन-तीन चार-चार मजल्यांची, एकमेकांना खेटून उभी. मधे चौक, चौकावर लोखंडी जाळी, अंधारे दगडी जिने आणि वर गच्ची. गच्चीवर वानरांचं राज्य.

अशा घरात गरम पाण्याचा विषय निघाला की अप्पांचं एकच उत्तर असे. "दाराशी गंगा वाहतेय आणि तुम्हाला गरम पाणी कशाला हवं?" अप्पा त्र्याहत्तरीतही रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरून बुडी मारून येत. कार्तिकात तर उपरण्याशिवाय. त्यांचं ऐकून घरातले सगळे गप्प बसत. पण माईंचे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नव्हते, आत्यांना दम्याचा त्रास होता आणि डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी हाताला सुया टोचल्यासारखं लागे.

शिवाय अप्पांना बंबाचा अभिमान होता. "बंबाच्या पाण्याची सर विजेच्या पाण्याला नाही," असं ते म्हणत. ते काही अगदी खोटं नव्हतं. फक्त त्या पाण्यासाठी पहाटे चारला कोण उठतं, लाकडं कोण फोडून घेतं, राख कोण काढतं आणि कढत पाण्याची बादली दोन जिने चढून वरच्या मजल्यावर कोण नेतं, हे त्या वाक्यात येत नसे.

गॅस गीझरचा धडा

दिवाळीतल्या त्या हशाचा परिणाम एवढाच झाला की मधल्या मुलानं मनावर घेतलं. डिसेंबरात थंडी वाढताच तो गॅस गीझर घेऊन आला. छोटी पेटी, भिंतीवर टांगायची. नळ सोडला की ज्योत पेटते आणि तीन-चार मिनिटांत कढत पाण्याची बादली भरते. मुलं तर खूष झाली. तो पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बसवला.

त्या न्हाणीघराला एकच झरोका, चौकाकडे उघडणारा. थंडी आत येते म्हणून कुणीतरी त्यावर पुठ्ठा लावून ठेवला होता.

आठवड्याभरानं मधलीची कॉलेजात जाणारी मुलगी केस धुवायला गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. आईनं दार वाजवलं. कडी निघाली आणि पोरगी उंबऱ्यावरच मटकन बसली. डोकं भयंकर दुखतंय, गरगरतंय, पायात जीव नाही, असं ती सांगत होती. ओठ सुकलेले, नजर कुठेतरी हरवलेली. धाकटीनं तिला आधी उचलून गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, मग रिक्षा करून डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गीझर गॅसचा आहे का? न्हाणीघरातच आहे का?"

गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत ती कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. माणसाला वाटतं, वाफेनं जरा गरगरतंय. त्याला समजेपर्यंत हातपाय साथ देईनासे होतात. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात एखाददुसरी अशी बातमी येते आणि आपण ती वाचून पान उलटतो.

पोरगी त्या दिवशी वाचली, कारण आईनं वेळेवर दार वाजवलं. संध्याकाळी गीझर भिंतीवरून उतरला. मधला मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

गॅस गीझर वाईट असतो असं नाही. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत न्यायचा. जळलेला वायू नळकांड्यातून बाहेर गेला पाहिजे. न्हाणीघराला खाली आणि वर अशा हवेच्या दोन वाटा हव्यात आणि त्या थंडीतही उघड्या ठेवायच्या. आंघोळ करताना डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर आधी बाहेर पडायचं, मग विचार करायचा. पण त्या वाड्यात बाहेर मोकळी जागा म्हणजे फक्त चौक, आणि चौकावर सगळ्या खोल्यांच्या खिडक्या. म्हणून तो मार्ग तिथंच बंद झाला.

थोरली माहेरी गेली नाही, इंदूरला गेली

जानेवारी 2025 मध्ये थोरली इंदूरला गेली, लेकीच्या बाळंतपणासाठी. तीन आठवडे. आणि त्याच वेळी प्रयागला महाकुंभ सुरू झाला. 13 जानेवारीपासून 26 फेब्रुवारीपर्यंत प्रयागला येणारा माणूस काशीलाही येऊन जात होता. पुणे, नाशिक, सांगली, नागपूर, कुठकुठले नातेवाईक वाड्यात उतरले. चौदा माणसांचं घर कधी वीस, कधी बावीस माणसांचं झालं.

बंब आता कुणी पेटवायचा? पहिल्या दिवशी मधलीनं पेटवला, दुसऱ्या दिवशी धाकटीनं. तिसऱ्या दिवशी दोघींनाही ताप होता. चौथ्या दिवशी पहाटे धाकटी उठून चौकात आली तर अप्पा पाटावर बसलेले. डोळ्यांत धूर गेल्यानं पाणी वाहतंय, लाकडं ओली, बंब नुसता धुमसतोय.

"काय गं, हे पेटतं कसं?" अप्पांनी विचारलं.

धाकटीनं बारीक ढलप्या खाली घातल्या, वर गोवरी ठेवली, फुंकणीनं दोनदा फुंकलं. जाळ धरला. अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "हे ती रोज करते?"

"रोज, अप्पा. आणि आंघोळ सगळ्यांच्या शेवटी."

त्या दिवशी अप्पा घाटावर उशिरा गेले. संध्याकाळी त्यांनी धाकटीला हाक मारली. "तू हिशेबाची आहेस. बघ, या घराला काय सोसेल ते. मला ते मशिन-बिशिन कळत नाही. पण थोरली परत येईल तेव्हा काहीतरी ठरलेलं असू दे."

लिटर नव्हे, रांग मोजा

धाकटीनं जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं करून आधी माणसं लिहिली आणि प्रत्येकाच्या नावापुढे आंघोळीची वेळ. पाच ते साडेसहा या वेळात सहा जण. साडेसहा ते आठ या वेळात पाच जण. तीन सुना आठनंतर, स्वयंपाक आणि डबे आटोपल्यावर. पाहुणे आले तर तेही पहिल्या दोन गटांतच, म्हणजे सुना आणखी मागे.

मग तिनं पाण्याचा हिशेब मांडला. एका माणसाला साधारण 20 लिटरची एक बादली, 40 अंशांची. टाकीतलं पाणी 15 अंश. म्हणजे 25 अंश वाढवायचे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एका बादलीला झाल्या 500, चौदा जणांना 7000. विजेच्या एका युनिटमधून 860 किलोकॅलरी मिळतात. म्हणजे रोज आठ युनिट, आणि टाकीतून व नळातून वाया जाणारी उष्णता धरली तर नऊ-दहा.

हा आकडा पाहून घरातल्या पुरुषांना वाटलं, झालं, 25 लिटरचा गीझर लावला की काम भागलं. दुकानदारही तेच म्हणाला. पण 25 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात गार पाण्याचं विसण घातलं तर जेमतेम दोन बादल्या होतात. 2000 वॅटच्या गीझरला तेवढं पाणी तापायला 40 मिनिटं लागतात. चौदा जणांसाठी सात वेळा तापवायचं, म्हणजे 4 तास 40 मिनिटं! पहाटे पाचला सुरुवात केली तर शेवटची बादली पावणेदहाला. आणि शेवटची बादली कुणाची, हे सांगायला नको.

त्यातही विजेचा दाब कमी झाला की गंमत संपली. गीझरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर 2000 वॅटचा गीझर सव्वाबाराशे वॅटचाच राहतो आणि 40 मिनिटांचं काम 65 मिनिटांवर जातं. थंडीच्या सकाळी सगळी गल्ली एकदम गीझर लावते, तेव्हा नेमका दाब पडतो.

लगेच पाणी देणारा 3000 वॅटचा छोटा गीझर? तो मिनिटाला पावणेदोन लिटर देतो. बादलीला 12 मिनिटं. दोन माणसांच्या बिऱ्हाडाला छान, चौदांच्या घरात पावणेतीन तासांची रांग. शिवाय पाण्यात टाकायची सळई होतीच घरात. ती तर माईंनी केव्हाच माळ्यावर टाकली होती. सळई चालू असताना बादलीत बोट घालून पाणी पाहण्याची सवय कितीकांच्या जिवावर बेतली आहे.

पानाच्या तळाशी धाकटीनं एक वाक्य लिहिलं: "शेवटच्या माणसाला पहिल्याइतकंच गरम पाणी मिळालं पाहिजे." बाकी सगळं त्यावरून ठरवायचं.

या एका वाक्यानं निम्मं काम केलं. मोठ्या घरात पाणी रांग लागल्यावर तापवून चालत नाही. ते आधीच, सगळे झोपलेले असताना तापवून, उष्णता धरून ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत साठवावं लागतं. रात्री विजेचा दाबही बरा असतो. म्हणजे प्रश्न गीझर किती वॅटचा हा नव्हताच. टाकी किती मोठी आणि ती तापवायची कशानं, एवढाच प्रश्न उरला.

ऊन कुठे पडतं?

मोठा मुलगा म्हणाला, "सोलर बसवू." मधला म्हणाला, "धुक्यात काय करशील?" दोघांचंही बरोबर होतं. काशीला वर्षातले बरेच महिने कडक ऊन असतं. पण पौषात कधी कधी चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, घाटावरून नाव दिसत नाही. नेमकं तेव्हाच गरम पाणी हवं असतं.

त्यात वाड्याच्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी एक मजला चढवलेला. जूनमध्ये काशीला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा गच्चीभर ऊन. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 41 अंशांवर येतो. शेजारची भिंत आपल्या गच्चीपेक्षा 10 फूट उंच असेल तर तिची सावली 11 फुटांहून लांब पडते. उन्हाळ्यात पाहणी करून सोलर बसवणारे इथंच फसतात.

आता तर फेब्रुवारी संपत आला होता. डिसेंबरची सावली पाहायची कशी? प्रश्न आत्यांनी सोडवला. "मला विचारा की," त्या म्हणाल्या. "पौषात मी वाती वळायला गच्चीवरच बसते. नऊ वाजता चटई पाण्याच्या टाकीपाशी घालते, बाराला मधे सरकवते. वायव्येच्या कोपऱ्यात तर तीनपर्यंत ऊन असतं. तिथंच माझे केस वाळतात."

गच्ची मोजायला आलेल्या माणसानं होकायंत्र काढलं, सावल्यांचा हिशेब केला आणि बोट ठेवलं ते आत्यांच्या चटईवरच. नशिबानं त्याच कोपऱ्याखाली जुनी जाड भिंत होती. हे महत्त्वाचं. 200 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 200 किलोचं. वर टाकी, काचेचे तावे, लोखंडी सांगाडा. जुन्या घराची दगडी पाटणी एवढं वजन मधोमध सोसेलच असं नाही. टाकी भिंतीवर किंवा तुळईच्या आधारावर यायला हवी आणि हे घर पाहिलेल्या अभियंत्याकडूनच ठरवून घ्यायला हवं.

200 लिटर का, याचाही हिशेब होता. 60 अंशांचं 11 लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की एक बादली होते. माई, अप्पा आणि आत्या यांची खोली तळमजल्यावर. गच्चीपासून तिथपर्यंत नळ 60-65 फूट लांब. अर्ध्या इंची नळात एवढ्या लांबीवर साडेतीन लिटर गार पाणी अडकून असतं, ते दरवेळी आधी सांडायचं. म्हणून त्या तिघांसाठी खालच्या न्हाणीघरात 15 लिटरचा वेगळा गीझर. तिघांच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे रांग नाही. उरले अकरा जण. त्यांना साधारण 120 लिटर. राहिलेलं 80 लिटर पाहुण्यांसाठी, केस धुण्यासाठी आणि मुख्य म्हणजे शेवटच्या बादलीसाठी.

काचेच्या नळ्यांचं सोलर स्वस्त पडत होतं. पण वानरांनी एका रात्रीत त्याचं काय केलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून जाड काचेच्या तावांचं घेतलं आणि त्यावर वीतभर उंचीवर तारेची जाळी ताणली. तावे दक्षिणेकडे तोंड करून, थंडीचं ऊन धरण्यासाठी जरा जास्त उभे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी म्हणून तिच्याखाली विटांचा चौथरा केला. गरम पाण्याच्या नळाला गच्चीपासून खालपर्यंत जाड आवरण घातलं.

आणि धुक्याचं उत्तर टाकीतच बसवलं: 2000 वॅटची विजेची सळई, तिला वेळ लावायचं बटण. ऊन नसलेल्या दिवशी ती मध्यरात्री आपोआप सुरू होते. 25 अंशांचं 200 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला तिला चार तास लागतात, आठ युनिट जळतात. पहाटे चारला, जेव्हा पूर्वी बंब पेटायचा, तेव्हा पाणी तयार असतं.

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं हीट पंप नावाचं यंत्रही त्यांनी पाहिलं. ते गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतं. ज्यांच्या गच्चीवर ऊनच नाही त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. पण ते महाग, त्याला मोकळी हवेशीर जागा लागते, आवाज होतो. इथं ऊन होतं, म्हणून ते राहिलं.

टाकी दोरीनं चढली

सगळं ठरलं आणि टाकी गल्लीच्या तोंडाशी आली. हमालांनी ती डोक्यावरून वाड्यापर्यंत आणली, पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती अडकली. मापं घेताना गच्ची मोजली होती, जिना कुणी मोजलाच नव्हता! शेवटी चौकावरची जाळी एका बाजूनं उघडली, गच्चीवरून दोर सोडले आणि "हर हर महादेव" म्हणत टाकी वर ओढली. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मुलांना रविवार वाटला.

वायरमननं मीटरपासून गीझरपर्यंत वेगळी जाड तार ओढली. अर्थिंग नव्यानं केलं, कारण जुनं नुसतं नावाला होतं. गळतीची वीज जाणवताच क्षणात बंद पडणारं बटण बसवलं. गीझर घेताना आयएसआय शिक्का पाहिला, वीज वाचवण्याचे तारे पाहिले. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षाराचा थर बसतो, म्हणून वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करायची, असं त्यानं दिनदर्शिकेवर लिहायलाच लावलं.

एक सवय मात्र सगळ्या घराला बदलावी लागली. बंबाच्या काळात आधी कढत पाणी घ्यायचं आणि मग विसण घालायचं अशी रीत होती. 60 अंशांच्या पाण्यानं अंग काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मुलं आणि हात थरथरणारी माणसं असली की रीत उलटी हवी: आधी बादलीत गार पाणी, मग त्यात गरम. माईंनी ते न्हाणीघराच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं.

बंबाचं काय करायचं, यावर दोन दिवस वाद झाला. मधला म्हणाला, मोडीत काढू. अप्पा काही बोलले नाहीत. थोरलीनं चिंच आणि मीठ लावून बंब घासला, लखलखीत केला आणि देवघराच्या बाहेर ठेवला. "राहू दे. याच्याशी माझं 28 वर्षांचं बोलणं झालंय," ती म्हणाली.

पुढची दिवाळी

2025 ची नरकचतुर्दशी आली. पहाटे चार वाजता सवयीनं थोरलीला जाग आली. ती चौकात आली तर धाकटीनं आधीच पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तेलाची वाटी तयार. माई खुर्चीवर बसलेल्या.

"बस पाटावर," माई म्हणाल्या.

"मी? आधी अप्पा, मुलं..."

"बस म्हणते ना. या घरात आज पहिली आंघोळ तुझी."

माईंनी तिला तेल लावलं, आत्यांनी ओवाळलं. थोरली न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि वाफेचा लोट वर आला. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. कुणी दार वाजवलं नाही. बाहेर अजून अंधार होता.

मग मुलं, सुना, मुलगे. उजाडायच्या आत सगळे न्हाऊन फराळाला बसले. शेवटी अप्पा उठले. वर्षभर गंगेत बुडी मारणारे अप्पाही या एका दिवशी घरीच अभ्यंगस्नान करतात. पण आज ते मुद्दामच मागे राहिले होते. चौकाच्या जाळीतून उन्हाची पहिली तिरीप भिंतीवर पडली, तेव्हा त्यांनी खांद्यावर पंचा टाकला.

धाकटा नातू हातातला लाडू तसाच ठेवून ओरडला, "अप्पा, सूर्य उगवला! आता तुम्ही नरकात जाणार!"

"जाऊ दे रे," अप्पा थोरलीकडे बघत म्हणाले, "यंदा माझी पाळी आहे."

त्यांनी नळाखाली बादली लावली. आधी गार पाणी, मग गरम. शेवटची बादली होती, पण हात घालवत नव्हता इतकी कढत.